डोंबिवलीची लोकर

डोंबिवलीत थंडी पडते ती आधी मोबाइलवर. डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे पारा जरासा घसरला की गुलाबी थंडीच्या गुलाबी शुभेच्छा येऊ लागतात, शाल पांघरलेल्या मांजरीचा फोटो येतो, आणि दूध आणायला गेलेला माणूस कानटोपी घालून परततो. साडेआठच्या सुमारास ती कानटोपी खिशात जाते, साडेनऊला स्वेटर कमरेला बांधला जातो, आणि दहाला घरोघरी पंखे पाचावर. ही झाली आमची कडाक्याची थंडी. उरलेलं वर्ष आम्ही घाम पुसतो.

अशा या गावात, आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये, दर बुधवारी दुपारी पंचवीस-तीस बायका जमून लोकरीचे स्वेटर विणतात. मे महिन्यातही विणतात. घामेजलेल्या बोटांना लोकर चिकटते म्हणून टेबलावर टाल्कम पावडरचा डबा ठेवलेला असतो. दर चार ओळींनंतर हाताला पावडर लावायची. त्यामुळे आमच्याकडच्या स्वेटरला पहिल्या दोन धुण्यांपर्यंत न्हाऊमाखू घातलेल्या बाळाचा वास येतो, मग तो साठ वर्षांच्या गृहस्थासाठी विणलेला का असेना.

याला आम्ही नुसतं ‘मंडळ’ म्हणतो. नाव ठरवायला बोलावलेल्या सभेत तीन गट पडले, आणि त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मी या मंडळाचा खजिनदार. बँकेत उभी हयात घालवल्यामुळे मला हे पद मिळालं, असं मी बाहेर सांगतो. खरं कारण माझे हात. लोकर गुंडा होऊन आली तर प्रश्न नसतो. पण घाऊक घेतलेली लोकर पुष्कळदा लडीत येते, आणि लडीचा गुंडा करायचा तर समोर कुणीतरी दोन्ही हात पसरून बसावं लागतं. एकदा ती लडी मनगटांत अडकवली की माणसाचे सगळे घटनादत्त अधिकार संपतात. नाक खाजवता येत नाही. चष्मा घसरला तर घसरू द्यायचा. डास बसला तर त्याचं जेवण उरकेपर्यंत थांबायचं. धागा सुटेल त्या बाजूला मनगट किंचित कलतं करायचं, अंगठे ताठ, चेहरा कौतुकाचा.

एकदा मी असा बसलेला असताना दाराची बेल वाजली. ही आत फोडणीपाशी. दार उघडंच होतं. कुरियरवाला पोरगा आत डोकावला.

“काका, ओटीपी सांगा.”

“फोन खिशात आहे.”

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग अजिबात आश्चर्य न दाखवता माझ्या सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, स्वतःच ओटीपी वाचला, आणि फोन परत ठेवता ठेवता म्हणाला, “माझी आईपण विणते. बाबा नसले की लडी खुर्चीला लावते.”

तो गेल्यावर मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, “अगं, आपल्याकडे सहा खुर्च्या आहेत ना?”

“आहेत. पण लडी खुर्चीला लावली तर बोलायचं कुणाशी?”

तोपर्यंतच्या अर्ध्या तासात मी फक्त ‘हं’ म्हणालो होतो, आणि तेही एकदा चुकीच्या जागी.

मंडळाचं मूळ आठ-काहीच्या फास्ट लोकलमध्ये आहे. यातल्या बहुतेकजणी सचिवालय, विमा, टेलिफोन, बँक अशा ठिकाणी तीस-तीस वर्षं नोकऱ्या करून निवृत्त झाल्या, आणि विणायला शिकल्या त्या लेडीज डब्यात. तिथे भाजी निवडली जायची, हळदीकुंकू व्हायचं, मुलींची लग्नं जमायची आणि स्वेटर विणले जायचे. कोण कुठल्या सीटवर बसून शिकली ते अजून ओळखता येतं. खिडकीशी बसणाऱ्या बायका ऐसपैस विणतात, उजवा हात वाऱ्यावर. चौथ्या सीटवर शिकलेल्या बाईची दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली. नुसती मनगटं हलतात. आता हॉलमध्ये प्रत्येकीला स्वतंत्र खुर्ची आहे, शेजारी हातभर मोकळी जागा आहे, तरी कोपर काही सुटत नाही. एक मावशी तर अर्ध्याच खुर्चीवर बसतात. उरलेली अर्धी त्यांनी कुणासाठी ठेवलीय हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

वीणही तिथलीच. पुस्तकात लिहिलेलं असतं, चौदा इंच झाल्यावर मुंढ्याची घट सुरू करा. या बायका म्हणतात, “मुलुंडला घट धर, घाटकोपरला गळ्याचे टाके वेगळे काढ, आणि भायखळ्याच्या आत बंद कर.” गाडी बंद पडली की स्वेटर लांबायचा. २००५ सालच्या जुलैतल्या त्या भयंकर पावसात गाड्या अडकल्या तेव्हा सुरू असलेला एक स्वेटर अजून मंडळात दाखवायला आणतात. त्याला डावी बाही गुडघ्यापर्यंत आहे.

मंडळात तीन पंथ आहेत: सुयावाल्या, क्रोशावाल्या आणि सूतवाले. सुयावाल्यांना वाटतं, दोन सुया सांभाळणं म्हणजे संसार सांभाळणं. एका सुईवर काय, कुणीही करील. क्रोशावाल्यांचं म्हणणं, ज्या कामात एक टाका सुटला की सगळं पाठीपर्यंत धावत जातं, ते काम मुळातच अविचारी.

पण क्रोशावाल्यांवर काळानं सूड उगवला, हे मान्य करायला हवं. त्यांची सगळी कला साखळी आणि खांब यांतून उभी राहिलेली, आणि ती अंथरायला त्यांना आडवा पृष्ठभाग लागायचा. पूर्वी घरात असे पृष्ठभाग भरपूर होते. टीव्ही होता, त्यावर रुमाल, रुमालावर फुलदाणी, फुलदाणीखाली आणखी एक गोल रुमाल. टेलिफोनला झबलं होतं. रेडिओला पडदा होता. मग टीव्ही चपटा झाला आणि भिंतीवर गेला. त्याच्या माथ्यावर आता फार तर एक पाल बसू शकते. टेलिफोन खिशात गेला. एक कमळांची नक्षी असलेला, तीन महिने राबून केलेला रुमाल घेऊन आमच्या क्रोशाप्रमुख काकू नव्या टीव्हीसमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. शेवटी तो वायफायच्या डबीवर घातला. तेव्हापासून त्यांच्याकडे नेट येत नाही, पण सांगायला कुणी धजावत नाही.

आता क्रोशावाल्यांना एकच भरवशाचं गिऱ्हाईक उरलंय, बाळकृष्ण. कार्तिकापासून देवाला थंडी वाजायला लागते. देव्हाऱ्यातल्या तीन इंची मूर्तीला स्वेटर, टोपी, मोजे. घरात बाकीचे बनियनवर. देव तक्रार करत नाही, वाढत नाही, आणि ‘आई, टोचतंय’ म्हणून अमेरिकेतून फोनही करत नाही.

अमेरिकेचं सांगायलाच हवं, कारण सुयावाल्यांचा माल तिकडे जातो. न्यू जर्सीतल्या नातवंडांना. माप घ्यायचं असतं व्हिडिओवर.

“त्याला जरा सरळ उभा कर ना.”

“आई, तो झोपलाय.”

“मग आडवाच दाखव. आणि शेजारी काहीतरी ठेव, म्हणजे अंदाज येईल.”

शेजारी ठेवलेली वस्तू इथे कुणी पाहिलेलीच नसते. मग मंडळात चर्चा: तो तिकडचा डबा मोठा की इकडचा? त्यातून ठरलेल्या मापाचा स्वेटर हिवाळ्यात सुरू होतो, पाठ होईपर्यंत बाळ रांगतं, बाह्या होईपर्यंत चालतं, गळा होईपर्यंत शाळेत जातं. आमच्याकडे एका काकूंनी थोरल्या नातवासाठी टाके घातले होते. घातला तो धाकट्या नातीनं, आणि तोही अस्तनी दुमडून नव्हे, ताणून.

तिकडच्या एका लेकीनं एकदा खास नमुना पाठवला. जावयासाठी. तिथल्या मासिकातला, सुंदर, जाड केबलच्या विणीचा. सुई नंबर १०. आमच्या काकूंकडे १० नंबरच्या सुया होत्याच, लग्नातल्या. विणायला बसल्या. टाके मोजून घातले, ओळी मोजून विणल्या, एकही चूक नाही. पूर्ण झाल्यावर स्वेटर टेबलावर पसरला तेव्हा हॉलमध्ये शांतता पसरली. तो जावयाच्या हाताच्या पंजाला मफलर म्हणून बसला असता. पुढे बरीच शोधाशोध झाल्यावर उलगडा झाला, की आपल्याकडे चालतो तो जुना इंग्रजी नंबर. त्यात १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आणि आकडा वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकेत १० म्हणजे चांगली सहा मिलिमीटर, आणि आकडा वाढेल तशी सुई जाड.

“तिकडे सगळं उलटंच,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “गाड्या उजवीकडून, दिव्याचं बटण वर, तारखेत महिना आधी. सुईच तेवढी सरळ कशी असेल?”

काकूंनी तो स्वेटर मुळीच उसवला नाही. “होईल एखादं पिल्लू त्यांना,” म्हणाल्या. कुणाचं पिल्लू ते सांगितलं नाही.

आता नमुना विणून बघावा, दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके भरतात ते मोजावं, असं प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. मंडळात ते पान कुणी वाचत नाही. शिवाय वाचून उपयोगही नाही, कारण टाक्यांचा सैलपणा सुईवर नसतो, मनःस्थितीवर असतो. बुधवारी दुपारी चहाबरोबर विणलेल्या ओळी ढगळ, आणि रविवारी रात्री विणलेल्या इतक्या घट्ट की त्यांतून सुई काढायला पक्कड लागते. माझ्या एका स्वेटरच्या पाठीवर, कमरेपासून सात-आठ बोटं वर, एक आडवी आकसलेली पट्टी आहे. तिथे नणंदेचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, फोन आला होता. बहीण ‘दादा, मी चार दिवस येते’ म्हणाली होती. त्याच्या वर खांद्यांपर्यंत वीण पुन्हा सैल होते. तिथे तिनं येणं रद्द केलं.

त्याच स्वेटरचा पुढचा भाग शेवाळी आहे आणि पाठ पोपटी. ही सगळी लॉट नंबरची करामत. शेड नंबर तोच असला तरी रंगाचा घाणा बदलला की लोकर बदलते, आणि हे घरी आल्यावर उन्हात कळतं. ही दुकानात परत गेली.

“ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही हो काकू,” दुकानदार म्हणाला.

“मग ह्यांनी काय जन्मभर ट्यूबलाइटखाली उभं राहायचं?”

त्यावर तोडगा असा निघाला, की मी समारंभात कुणाकडे पाठ करायची नाही. लोक समजतात मी फार अदबशीर आहे.

टाके मोजताना बोलायचं नसतं, हा मंडळातला एकमेव पाळला जाणारा नियम. म्हणजे मोजणारी बोलत नाही. बाकीच्या तिला विचारत राहतात.

“चहात साखर किती घालू?”

“अठ्ठ्याण्णव.”

“आणि दूध?”

“नव्व्याण्णव... शंभर... अगं, मेले! पुन्हा पहिल्यापासून.”

सूतवाल्यांचा पंथ सगळ्यांत लहान: एक आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, दात स्वतःचे. त्यांच्या लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असायचा, आणि त्या तासाला त्यांचा पहिला नंबर. पुढे आयुष्यात त्यांनी काय केलं हे मंडळात कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या लेखी त्या तासानंतर विशेष काही घडलंच नाही. त्यांच्याकडे पेटी चरखा आहे. बाहेरून वकिलाची बॅग. उघडली की आत एक मोठं चाक, एक लहान चाक, चाती आणि माळ. हा चरखा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडवत आणला, म्हणून त्याला ‘येरवडा चक्र’ म्हणतात, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. एकदा दादरला बॅग तपासणाऱ्या हवालदारालाही सांगितलं.

“आजोबा, यात काय?”

“चरखा.”

“उघडा.”

उघडणं ही चूक झाली, पण ती हवालदाराची. दहा मिनिटांनी गर्दी जमली होती, आणि हवालदाराच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेळू होता. “दाबू नका, नुसता धरा. धागा स्वतः येतो,” आजोबा सांगत होते. मागे खोळंबलेल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “धागा येईल हो, गाडी गेली!”

याच आजोबांनी वार्षिक सभेत ठराव मांडला, की वर्गणी पैशात न घेता सुतात घ्यावी. आधाराला त्यांनी थेट बेळगावची काँग्रेस आणली. १९२४ साली गांधीजी अध्यक्ष असताना तिथे ठरलं होतं, की सभासदानं दरमहा दोन हजार वार सूत द्यायचं. ठराव भावनेच्या भरात एकमतानं मंजूर झाला, कारण एक वार म्हणजे किती हे तिथे कुणालाही आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आठवलं. मग चिटणीसबाई त्या जुन्या ठरावाचा बारकाईनं अभ्यास करून आल्या, आणि त्यांना त्यात रत्न सापडलं. आजारपण, अनिच्छा किंवा असलं काही कारण असल्यास दुसऱ्या कुणीही कातलेलं सूत चालेल, अशी त्यात सोय होती.

“अनिच्छा?” अध्यक्षबाईंनी तीनदा वाचून घेतलं. “स्पष्ट लिहिलंय? अनिच्छा?”

महिनाअखेर सगळ्यांचं सूत जमा झालं. सगळ्यांचं एकसारखं, एकाच जाडीचं, एकाच पिळाचं, एकाच रंगाच्या कागदात गुंडाळलेलं. खादी भांडारातला माणूस म्हणे विचारत होता, डोंबिवलीत एकाएकी एवढी देशभक्ती कशी उसळली? आजोबांनी एकेक गुंडी हातात घेऊन पाहिली, काही बोलले नाहीत, आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. काँग्रेसला ती अट सैल करायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं होतं. आमची पुढच्या बुधवारी सुटली.

सूत द्यायला फक्त मी स्वतः बसलो होतो. खजिनदारानं तरी नियम पाळावा म्हणून. आजोबांनी माझं सूत उजेडात धरलं. सुताला नंबर असतो. एका पौंडात आठशेचाळीस वारांच्या जितक्या लडी बसतील तितका नंबर. धागा जितका बारीक तितका आकडा मोठा.

“माझा किती येईल?”

“याला नंबर नसतो,” आजोबा म्हणाले. “याला गाठ मारून गाय बांधतात.”

आजोबांचं एक गुपित आहे, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी कडक: हातानं किंवा पायानं चालावा, बाईमाणसाला आठ तास न दमता कातता यावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, आणि वीस वर्षं टिकावा. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आजोबांचा युक्तिवाद सरळ आहे: बक्षीस दिलेलं नाही, म्हणजे स्पर्धा अजून चालू आहे. नातवाच्या सायकलचं पायडल, जुन्या शिलाई मशीनचं चाक आणि स्वैपाकघरातून नाहीसा झालेला पुरणयंत्राचा दांडा यांच्या साहाय्यानं ते गच्चीवर काहीतरी उभारत आहेत. मागच्या चाचणीत ते यंत्र धागा सोडून आजोबांचं धोतर कातू लागलं होतं. वेग मात्र उत्तम होता.

मधल्या काळात आमच्याकडे एक हातमागही येऊन गेला. छोटा, टेबलावर मावणारा. कुणाच्या तरी भाच्यानं परदेशी जाताना टाकलेला. मंडळातल्या एक वहिनी माहेरच्या इचलकरंजीच्या. त्यांच्या गावात विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, आणि तेव्हापासून ते गाव खटखटतंय. त्यांनी आमच्या मागाकडे एकदा पाहिलं. “आमच्याकडे रात्रभर माग चालायचे. आवाज बंद झाला की आम्ही दचकून जागे व्हायचो,” म्हणाल्या. “हा तर श्वासही घेत नाही.”

विणायचं नंतर, आधी ताणा लावायचा असतो. चारशे उभे धागे, प्रत्येक धागा आधी आपल्या डोळ्यातून आणि मग फणीच्या आपल्या फटीतून. एकीनं धागा द्यायचा, दुसरीनं आकड्यानं ओढून घ्यायचा. मोतीबिंदू झालेल्या आणि होऊ घातलेल्या बायकांनी हे काम मन लावून केलं. पावसाळा सरला. धोटा पहिल्यांदा फिरला तेव्हा पेढे वाटले गेले. वीतभर कापड झाल्यावर लक्षात आलं, की एकशे सत्त्याऐंशीवा धागा एकशे अठ्ठ्याऐंशीव्याच्या फटीत आहे. आता हे कुणाच्या पाळीत झालं? त्या बुधवारी धागा देणाऱ्या काकू म्हणाल्या, मी दिला बरोबर. ओढणाऱ्या म्हणाल्या, मी ओढला बरोबर. त्या दोघी अजून एकमेकींशी फणीमार्फत बोलतात.

मागाचा आवाज खाली गेल्यावर वसाहतीचे सेक्रेटरी वर आले. निवासी इमारतीत उद्योग चालत नाही, विजेचा आणि देखभालीचा दर व्यापारी लागेल, असं म्हणाले.

“कमाई किती आहे मंडळाची?” त्यांनी मला विचारलं.

मी वही उघडून दाखवली. पान उलटत ते शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून आले.

“हा तर नुसता तोटा आहे.”

“सातत्यानं,” मी म्हणालो.

“मग हरकत नाही. छंद म्हणून लिहून द्या.”

सेक्रेटरींना मी दोष देत नाही. त्याआधी एकदा कुणी माणदेशाकडून दख्खनी मेंढीची कच्ची लोकर पोत्यानं आणली होती. काळीभोर, राठ, घोंगडी होते ती. ती विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, इथपर्यंतचा अभ्यास आमचा झाला होता. ती धुण्याआधी मेंढी तिच्यात किती शिल्लक असते, हा झाला नव्हता. वास पाचव्या मजल्यावरून तळमजल्यावर लिफ्टच्या आधी पोचायचा. वाळत घातलेली लोकर कावळ्यांनी बघता बघता नेली. त्या वर्षी आमच्या आवारातल्या आंब्यावर दोन दणकट घरटी झाली. मंडळाची लोकर कुणाच्या तरी अंगाखाली गेली, एवढं समाधान.

जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी जगभर चारचौघांत बसून विणायचा दिवस पाळतात. २००५पासून पाळतात. परदेशात या दिवशी ऊन असतं, लोक हिरवळीवर बसतात. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या शनिवारी काय असतं ते सांगायला नको. बाग रद्द झाल्यावर मंडळानं ठरवलं, आपण जिथे शिकलो तिथेच जाऊ. भर पावसात सगळ्याजणी लेडीज डब्यात चढल्या, आणि मी शेजारच्या डब्यात पिशव्या सांभाळत, मधल्या जाळीतून जमेल तेवढं पाहत होतो. खिडकीच्या जागेवर कोण, यावरून तीस वर्षं जुनं एक भांडण जागच्या जागी पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं. ठाण्यानंतर एक गुंडा निसटला. तो सीटखालून, चपलांमधून, कोथिंबिरीच्या जुडीला वळसा घालून दाराशी गेला, आणि त्याचा धागा कुठल्या तरी बाईच्या पर्सच्या चेनला अडकला. ती बाई घाटकोपरला उतरली. गाडी विद्याविहारच्या दिशेनं निघाली, आणि डब्यात एका मावशींच्या मांडीवरची गुलाबी बाही ओळीओळीनं कमी होऊ लागली.

“ओढू नका! कात्री! कुणाकडे कात्री आहे?”

कात्री नव्हती. नेलकटर निघालं, तोवर बाहीचं मनगट उरलं होतं. मावशींनी ते निरखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अर्धी बाहीच बरी. डोंबिवलीत पूर्ण घालतंय कोण?”

प्रदर्शन भरतं ते ७ ऑगस्टला. १९०५ साली त्या दिवशी कलकत्त्याच्या टाउन हॉलात स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५पासून तो राष्ट्रीय हातमाग दिन. मागाचं आमचं योगदान म्हणजे ती वीतभर पट्टी. ती चौकटीत बसवून दाराशी लावलेली असते. प्रमुख पाहुणे दरवर्षी कुणीतरी पुढारी. ते पॉलिस्टरच्या कडक इस्त्रीत येतात, स्वदेशीवर बोलतात, आणि मग त्यांच्या खांद्यावर मंडळानं विणलेली जाड लोकरी शाल घातली जाते. ऑगस्टातली दुपार, हॉलचे पंखे फुलदाण्या पडतील म्हणून बंद. मागच्या वर्षीच्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून भाषण संपेपर्यंत घामाच्या धारा लागल्या. वृत्तपत्रात छापून आलं: हातमागाच्या दुरवस्थेवर बोलताना पाहुणे गहिवरले.

किमती मी काढतो. लोकर, सुया, लागलेले तास, असा सगळा हिशेब बँकेच्या शिस्तीनं मांडला तर एका स्वेटरच्या पैशात माणूस सिमल्याला जाऊन थंडी खाऊन परत येईल. म्हणून तास सोडून देतो आणि लोकरीचे तेवढे लावतो.

“पंधराशे? स्टेशनबाहेर चारशेला मिळतो,” एक बाई म्हणाल्या.

“मिळतो ना,” आमची ही म्हणाली. “घेऊन या. बघू त्याची मुंढ्याची घट.”

तरी माल खपतो. पूर्ण खपतो. क्रोशाप्रमुख काकूंचा रुमाल चिटणीसबाई घेतात, कारण चिटणीसबाईंची टोपी काकूंनी घेतलेली असते. सुयावाल्या क्रोशावाल्यांचं घेतात, क्रोशावाल्या सुयावाल्यांचं, म्हणजे कुणाचं मन दुखावत नाही. संध्याकाळी टेबलं रिकामी आणि मंडळाबाहेर एकही नग गेलेला नसतो. जमेच्या बाजूला जे काही दिसतं ते बटाटेवड्यांचं. वडे मी तळतो असं नाही. मी पिठात बोटं घालून दाटपणा बघतो आणि मान हलवतो.

यंदाच्या वार्षिक सभेत अध्यक्षबाईंनी मोबाइल वर धरून एक फोटो दाखवला. २०१६ साली चेन्नईत बायकांनी मिळून क्रोशाचं ब्लँकेट केलं. अकरा हजार चौरस मीटरहून मोठं, तेव्हाचा जागतिक विक्रम. “त्यांच्याकडे तर थंडी आपल्यापेक्षाही कमी,” त्या म्हणाल्या, “तरी केलं. आपण बारा हजार करायचं.”

टाळ्या झाल्या. क्रोशावाल्यांच्या डोळ्यांत कितीतरी वर्षांनी तेज दिसलं. टीव्ही गेल्यापासून एवढा आडवा पृष्ठभाग त्यांना कुणी देऊ केला नव्हता. सुयावाल्यांनी अट घातली की निम्मं सुयांचं हवं. आजोबा म्हणाले, सूत मी देतो. मी खिशातून गणकयंत्र काढलं आणि लोकरीचा आकडा बघून परत ठेवलं. सेक्रेटरी दाराशी उभे होते. त्यांनी हात वर केला.

“आपल्या सगळ्या इमारती, पार्किंग, बाग आणि मागचं मैदान धरलं तरी बारा हजार मीटर होत नाहीत. एवढं मोठं वाळत कुठे घालणार?”

यावर पुढचे दोन तास चर्चा झाली. गच्ची की मैदान, काठीवर की दोरीवर, पाऊस आला तर पळत जाऊन काढायचं कुणी, आणि चिमटे मंडळाचे की ज्याचे त्यानं आणायचे. चिमट्यांवर मतदान झालं. मंडळाचे, असं ठरलं, आणि खजिनदारांनी ते घाऊक भावात आणावेत असा उपठराव मंजूर झाला.